साथीची पाळी

दिवा जरा इकडे सरकव. भ्यायचं काही नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

मी पेरूतल्या पुकाल्पाच्या नदीबंदर कचेरीत कारकून होतो आणि रविवारी नेमेसियोच्या शेजारी बसून गिटारची साथ करायचो. दोन्हीकडे काम एकच: दुसऱ्याच्या चुका लोकांना दिसू द्यायच्या नाहीत. नेमेसियो सोलो वाजवताना भरात आला की वाट चुकायचा. मग मी गुपचूप तेच सूर आणखी दोनदा फिरवून त्याला परत आणायचो. टाळ्या त्याला. तक्रार नाही, कारकुनाला टाळ्यांची सवय लागली तर पेन्शन पचत नाही.

तो गेला. चर्चमधल्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर घरच्यांनी काळे कपडे उतरवून नाचायचं, ही आमची रीत. त्याची मुलगी रोसाउरा माझ्याकडे आली.

"काका, बाबांची ती नाचाची धून, कुंबिया, तुम्ही वाजवा. गिटार ऐकल्याशिवाय आई काळं सोडणार नाही म्हणते."

"अगं, मी जन्मभर साथ केली. सोलो मला नुसता ऐकू येतो."

"मग ऐकलेला वाजवा."

बाजारातून साथीचे ट्रॅक आणले. ढोल, बास सगळं होतं, सोलोची जागा तेवढी रिकामी. पत्र्याखाली बसून दुपारभर वाजवायचो. वाल्सच्या संथ चालीत रडायचो, डोंगराकडच्या वायनो नाचात धापा टाकायचो, रॉकमध्ये शेजारीण विचारायची, पंखा दुरुस्त करताय का. कुंबियात मात्र दर वेळी एकाच जागी फसायचो. सूर वर चढायचे, उतरायची वाट सापडायची नाही आणि ट्रॅक वरच्या साहेबासारखा न बघता पुढे निघून जायचा.

मिस्सा झाली. संध्याकाळी अंगणात सगळे गोल करून बसले. नदीवरून ओल्या लाकडाचा वास येत होता. बिअरला ग्लास एकच. आपलं ओतून घ्यायचं, बाटली पुढच्याच्या हाती द्यायची, प्यायचं, तळचा फेस जमिनीवर झटकायचा आणि ग्लास पुढे. मी माझं पिऊन जुन्या सवयीने पुढचा ग्लासही भरला आणि बाटलीसकट डावीकडे ठेवला. तिथे नेमेसियो बसायचा. खुर्ची रिकामी होती.

"काका, तिकडे कोण पिणार?" जावई हसला.

"राहू दे रे," नेमेसियोची बायको फ्लोरिंदा म्हणाली. "फुकटची त्याने कधी सोडलीय?"

कुणीतरी दुसरा ग्लास आणि दुसरी बाटली आणली. मी ट्रॅक लावला.

त्याच जागी फसलो. बोटं वर अडकली... आणि ट्रॅक थांबला नाही, पुढेही गेला नाही. तेच सूर पुन्हा फिरले. पुन्हा एकदा. खाली कुठेतरी जुन्या तारांची खरखर. मला वाट सापडली, उतरलो.

फ्लोरिंदाने डोळे मिटले होते. "त्याने कधी कुणाची साथ केली नव्हती..." ती हळूच म्हणाली. "आता शिकला म्हणायचा."

तिने काळी शाल खुर्चीवर टाकली आणि लेकीचा हात धरून नाचायला उठली. तिच्यामागे सगळेच उठले. गोलात मी एकटाच उरलो. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझी चूक झाकली होती.

"उपकार झाले, गड्या," मी डावीकडे वळून म्हणालो.

ग्लास रिकामा होता. खुर्चीखाली फेस झटकलेला, अजून ओला. आणि बाटली माझ्या पायाशी होती, रीतीप्रमाणे, ज्याची पाळी पुढची त्याच्याकडे.