सेप्टिमरच्या छावणीतली हजेरी

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. पण हे घडलंय. माझ्या डोळ्यांदेखत... निदान मी तिथे होतो तोवर तरी.

शनिवार, १९ ऑक्टोबर २०१९. दुपारचे तीन. आमच्या बिवियो गावाच्या वर, सेप्टिमर खिंडीजवळची डोंगराची उघडी धार. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे रोमन सैन्याची छावणी होती. मातीचा बांध आणि खंदक अजून दिसतात.

मी आणि माझा मेहुणा लुरेन तिथे चोरून खणायला गेलो होतो. धातू शोधायचं यंत्र माझं. कल्पनाही माझीच.

"दाजी, पकडलं तर?"

"तुझ्या ताईला कळू देऊ नकोस म्हणजे झालं. पोलीस परवडले!"

तो खो खो हसला.

तासाभरात बुटांचे लोखंडी खिळे निघाले. मग गोफणीचा शिशाचा गोळा. लुरेननं तो उचलला...

आणि धुकं आलं. हातभर अंतरावरचं दिसेना.

वारा थांबला.

मग... खडकावर खिळ्यांचे बूट वाजले.

एक जोड नाही. शेकडो.

ते आमच्याभोवती येऊन थांबले. दिसत मात्र कुणीच नव्हतं.

एक जाडाभरडा आवाज नाव पुकारायचा. कुणीतरी ओ द्यायचं. पुढचं नाव. पुन्हा ओ. हजेरी चालली होती...

एका नावाला ओ आली नाही.

तेच नाव पुन्हा. या वेळी अगदी आमच्या कानाशी.

लुरेन दचकून मागे सरला आणि खंदकात कोसळला. घोटा मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"दाजी! हात द्या, दाजी!"

मी हात दिला नाही.

मी पळालो.

बराच वेळ तो हाका मारत होता. मग एकदम... काहीच नाही.

गावात जायला तोंड नव्हतं. खाली गुराख्याची रिकामी झोपडी होती. आतून कडी लावून मी रात्रभर तिथे बसून राहिलो. हो, बसून राहिलो.

उजाडल्यावर उर्सिनानं, माझ्या बायकोनं, पाठवलेली माणसं वर जाताना दिसली; आम्ही खिंडीकडे फिरायला गेलोय एवढंच तिला माहीत होतं. मी आडवाटेनं धावत त्यांच्या आधी पोहोचलो.

लुरेन जिवंत होता. ओठ निळे पडलेले. खंदकातून बाहेर, बांधाला टेकून बसलेला.

माणसं येताच तो त्यांना म्हणाला, "दाजी होते म्हणून वाचलो. रात्रभर माझा हात सोडला नाही यांनी."

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. उर्सिना गळ्यात पडून रडली.



आजही ती पाहुण्यांना ही गोष्ट कौतुकानं सांगते. मी मान खाली घालून जेवतो. लोकांना तो विनय वाटतो.

गेल्या महिन्यात बार्लीचं सूप पिता पिता लुरेन हळूच म्हणाला, "दाजी, एक विचारू? त्या रात्री तुमच्या हाताला दोन बोटं कमी कशी लागत होती?"



मी दहाही बोटं शाबूत असलेले हात टेबलाखाली घेतले.