बिनगळाची दोरी

माझ्या बायकोनं, मेधानं, डबा हातात दिला आणि म्हणाली, "नुसता देऊन येऊ नकोस. जरा बस त्याच्यापाशी. बघ, काय चाललंय."

डब्यात मेथीची भाजी आणि भाकरी होती. सकाळ शनिवारची. फेब्रुवारीतला तो मोठा बर्फ नुकताच वितळला होता आणि धुकं पडायला लागलं होतं. आम्ही तेव्हा रोटरडॅमजवळ कापेलमध्ये राहायचो, आयसेल नदीपासून सायकलनं दहा मिनिटांवर. नीळकंठचं घर कालव्याच्या पलीकडे. एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये होतो आम्ही, पण साथीमुळे वर्षभर ऑफिस बंद. मीटिंगमध्ये त्याचा कॅमेरा कायम ऑफ. नावाची दोन अक्षरं तेवढी स्क्रीनवर दिसायची.

सप्टेंबरात मिरजेला त्याचा थोरला भाऊ गेला. बाळासाहेब. वडील लहानपणीच वारलेले, त्यामुळे नीळकंठला सगळं काही दादाच. हॉस्पिटलनं परस्पर सगळं उरकलं. घरच्यांना तोंड पाहता आलं नाही, आणि नीळकंठला तर विमानच मिळालं नाही. पुढे ऑक्टोबरात तिकीट मिळालं ते एकच. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्याची बायको योगिनी गेली आणि तिकडेच अडकली.

तिचाच आदल्या दिवशी मेधाला फोन आला होता. "दर शनिवारी बोट घेऊन मासे धरायला जातो," ती म्हणाली. "आणि परत आला की फार आनंदात असतो गं. तेच मला बरं वाटत नाहीये."

बोट त्याच्या शेजाऱ्याची, हेंकची. ऐंशीच्या घरातला हा गडी दर वसंतात स्वीडनला जायचा, तिथल्या अफाट तळ्यांवर सामन आणि ट्राउट धरायला. साथ आली, सरहद्दी बंद झाल्या, मुलीनं बापाला घराबाहेर पडायची बंदी केली. मग त्यानं सगळी विद्या कुंपणावरून नीळकंठला दिली आणि वर बोटीची किल्लीही दिली. "पडून गंजण्यापेक्षा चालव," म्हणाला.

मी पोचलो तेव्हा नीळकंठ निघायच्या बेतात होता. मला वाटलं होतं, दाढी वाढलेला, खंगलेला माणूस भेटेल. तर हा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मासे धरायला इस्त्रीचा शर्ट.

"श्री! बरा आलास," तो म्हणाला. "चल की माझ्यासंगट. गाडी तुझी घेऊ."

मेधाला मेसेज टाकला आणि निघालो. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तो मागच्या सीटवर बसला, तिरका, मास्क लावून. अर्ध्यापाऊण तासात हारिंगव्हलीट आलं. हा मूळचा समुद्राचा फाटा. धरण बांधून तोंड बंद केलेला, त्यामुळे आता गोड्या पाण्याचं लांबच लांब सरोवर झालंय. धरणाचे दरवाजे अलीकडे जरासे किलकिले ठेवतात. सामन मासा समुद्रातून परत आपल्या नदीत, जिथं जन्मला तिथं जातो. त्याला वाट हवी म्हणून.

"आपल्याला सामन लागला तर सोडून द्यावा लागतो," नीळकंठ सांगत होता. "घरी निघालेल्याला अडवायचं नाही, असा इथला कायदा आहे बघ."

बंदरात चिटपाखरू नव्हतं. बंदराची देखरेख करणारा म्हातारा तेवढा खिडकीत कॉफी पीत बसला होता. आम्ही बोट काढली आणि काठ दिसेनासा झाला. अगदी लगेच. दुधात बुडाल्यासारखं पांढरं झालं सगळं. दुपारची वेळ, पण सूर्य कुठल्या बाजूला आहे ते कळत नव्हतं. इंजिन मंद घरघरत होतं, आणि तो आवाजही धुक्यात भिजून जड झाल्यासारखा, फार लांब न जाता आमच्याभोवतीच घुटमळत होता.

नीळकंठनं कामाला सुरुवात केली. हात सराईत झाले होते त्याचे. हे काठावर बसून गळ टाकण्यासारखं नाही. इथं बोट माणसाच्या चालीनं चालवत ठेवायची आणि मागे आमिष ओढत न्यायचं. मासा खोल असतो, म्हणून कडेला एक छोटा रहाट बसवलेला. त्याच्या पोलादी तारेला शिशाचा गोळा. गळाच्या काठीची दोरी त्या तारेला चिमट्यानं अडकवायची आणि गोळा हव्या तेवढ्या खोलीवर सोडायचा. दोरीच्या टोकाला चमच्यासारखं चकचकीत पत्र्याचं आमिष, पाण्यात लडबडत जाणाऱ्या लहान माशासारखं. मोठा मासा तोंड मारतो, चिमटा सुटतो आणि वाकलेली काठी ताडकन सरळ होते. किती खोल, किती वेगानं, कुठल्या रंगाचा चमचा, हे जमलं की झालं.

त्यानं चमचा पाण्यात सोडला तेव्हा मी नीट पाहिलं.

"नीळकंठ, गळ कुठाय याला?"

"काढलाय."

"मग मासा लागणार कसा?"

तो तार सोडत राहिला. रहाट कुरकुरत फिरला, थांबला. मग त्यानं मला स्क्रीनपाशी बोलावलं. खालच्या पाण्यात काय आहे ते दाखवणारं यंत्र होतं ते. तळ तपकिरी पट्ट्यासारखा दिसत होता, आमचा गोळा बारीक रेषेसारखा.

"थांब जरा," तो म्हणाला. "येईल."

बराच वेळ काही नाही. मी डबा उघडला, भाकरी मोडली, त्याच्यापुढे धरली. त्यानं एक घास खाल्ला आणि स्क्रीनकडे बोट केलं.

गोळ्याच्या मागे, थोडी खाली, दुसरी रेषा उमटली होती. जाड.

"मासा," मी म्हणालो.

"बघ हां." त्यानं वेग कमी केला. खालची रेषा मागे पडायला हवी होती किंवा पुढे निघून जायला हवी होती. तसलं काही झालं नाही. आमच्याबरोबर तीही मंदावली. त्यानं वेग वाढवला, तिनंही वाढवला. त्यानं रहाट फिरवून गोळा थोडा वर घेतला. रेषा तेवढीच वर आली.

मी म्हणालो, "मोठा पाईक मासा असेल. मागे लागतात ते."

"असेल की." तो हसला. "नोव्हेंबरात पहिल्यांदा आला तेव्हा पार तळाला होता रे. चिखलाला चिकटून. दर खेपेला थोडा वर येतोय. गळाला हात लावायचा नाही. मग म्या गळच काढला. उगाच लागायला नको त्याला."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. 'त्याला' हा शब्द त्यानं ज्या मायेनं उच्चारला, ती माया माशासाठी नव्हती.

काठी हलली.

झटका नव्हता तो. ओढ होती, हलकी. मग थांबली. मग पुन्हा ओढ. झोपलेल्या माणसाच्या सदऱ्याचं टोक लहान मूल ओढतं ना, तशी. चिमटा सुटलाच नाही. सुटू नये इतपतच जोर लावत होतं ते, जे काही होतं ते.

"नीळकंठ, परत जाऊ या."

"आज नाही," तो हळू म्हणाला. "आज जवळ आलाय." आणि त्यानं इंजिन बंद केलं.

शांतता इतकी दाट झाली की कानात दडे बसले. वारा नव्हता, लाट नव्हती. बोट थांबली तशी तार सरळ खाली लटकायला हवी. लटकली. मग माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू तिरपी होत गेली, आणि बोट निघाली. बंद इंजिनाची बोट, आवाज न करता, धुक्यात. कुणीतरी हाताला धरून नेतंय अशी.

मग वास आला. आधी वाटलं, गाळाचा असेल. पण तो वास मला ठाऊक होता. नदीत अस्थी सोडताना मडक्यात हात घातलाय ज्यानं, त्याला तो विसरता येत नाही. ओल्या राखेचा वास.

स्क्रीनवरची जाड रेषा वर चढत होती. गोळ्याच्या पुढे. अजून वर.

नीळकंठ गुडघे टेकून बोटीच्या काठावर ओणवा झाला. इस्त्रीच्या शर्टाची बाही त्यानं दुमडलीसुद्धा नाही. खांद्यापर्यंत हात त्या बर्फगार पाण्यात घातला.

"दादा..." तो म्हणाला. "हात दे की... मी हाय इथं."

मी मागून त्याचं लाइफ जॅकेट धरलं. माणूस माझ्याएवढाच, पण हलेना. उलट इंचाइंचानं पुढे चालला होता. त्याचा गाल पाण्याला टेकला. तो घाबरला नव्हता, हे मला आजही आठवतं. सणाला घरी निघालेल्या माणसासारखा चेहरा होता त्याचा.

"नीळकंठ! योगिनी वाट बघतेय रे तुझी. आई वाट बघतेय..."

"एवढा येऊ दे... मग..."

पायाशी हत्यारांचा डबा उघडा पडला होता. एका हातानं त्याला धरून ठेवत मी दुसऱ्या हातानं पक्कड उचलली आणि तारेवर दाबली. पोलाद होतं, पहिल्यांदा तुटलं नाही. दुसऱ्यांदा सगळा जोर लावला. तार सपकन पाण्यात गेली.

आता नीट ऐका. तार तुटली म्हणजे बोट हलकी व्हायला हवी होती, उसळायला हवी होती. ती मागच्या बाजूला खाली दबली. कुणी पाण्यातून काठ धरून आत चढावं, तशी. एकदा कलली, आणि मग स्थिर झाली.

नीळकंठनं हात पाण्याबाहेर काढला. निळा पडला होता. मला वाटलं, आता हा चिडेल, रडेल, मला मारेलसुद्धा. त्यानं फक्त एक लांब श्वास सोडला. "चल," म्हणाला. "झालं."

इंजिन मीच सुरू केलं. त्याला माझ्यापुढे बसवलं, माझा कोट त्याच्या अंगावर टाकला, आणि यंत्रातल्या नकाशावर नजर ठेवून बंदर गाठलं. मागच्या बाकाकडे पाठ होती माझी. वळून पाहिलं नाही. बोट सगळा वेळ मागे दबून चालत होती.

धक्क्यावर तो म्हातारा उभा होता, दीड मीटर अंतर राखून, दोन्ही हात कमरेवर. नीळकंठ सामान घेऊन पुढे गेला. म्हाताऱ्यानं मला अडवलं. आवाजात राग नव्हता, समज देण्याचा सूर होता.

"महाराज, बाहेर दोघांहून जास्त एकत्र यायचं नाही, हा नियम ठाऊक आहे ना? या वेळी सोडतो. पुढच्या वेळी पोलिसांना कळवावं लागेल."

माझं डच कामचलाऊ. मला वाटलं, चुकीचं ऐकलं. "आम्ही दोघंच आहोत," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि हनुवटीनं पार्किंगकडे दाखवलं. "मग गाडीपाशी उभाय तो कोण? अनवाणी आहे बिचारा. असल्या थंडीत. बूट तरी घालायला सांगा."

मी पाहिलं. माझी गाडी होती आणि धुकं होतं. नीळकंठ अजून अर्ध्या वाटेवर होता.

हे मी त्याला कधी सांगितलं नाही. गरजही पडली नाही. त्या दिवसापासून तो पुन्हा बोटीवर गेला नाही, किल्ली हेंकला परत केली. सोमवारच्या मीटिंगला त्याचा कॅमेरा चालू होता. उन्हाळ्यात योगिनी परतली, मग त्याला फेल्डहोवनला नोकरी लागली. आता चांगलं चाललंय त्यांचं. दादाचा विषय निघाला तर सरळ आवाजात बोलतो, हसतोसुद्धा. माणूस मोकळा झाला, असं मेधा म्हणते. मी मान हलवतो. काय करून मोकळा झाला, आणि जे होतं ते कुठे गेलं, हे ती विचारत नाही.

मला सांगायचंय ते परतीच्या वाटेचं.

नीळकंठ मागे बसला आणि टेकल्या टेकल्या झोपला. मी गाडी सुरू केली, हमरस्त्याला लागलो. तेवढ्यात टिंग टिंग वाजायला लागलं. समोर लाल दिवा. सीटबेल्ट लावा. माझा लावलेला होता. नीळकंठचाही. दिवा माझ्या शेजारच्या सीटचा होता. त्या सीटवर वजन पडलं की लागतो तो.

सीटवर काही नव्हतं. पिशवी नाही, कोट नाही. पाण्याचा थेंबही नाही.

आवाज वाढत गेला. मागे नीळकंठ झोपेत कण्हला. मला वाटलं, हा जागा होईल. किती महिन्यांनी झोपलाय. जागा व्हायला नको. कसं सुचलं मला ठाऊक नाही. मी रस्त्यावरची नजर न काढता डावा... नाही, तिकडे उजवा, हात लांब केला, तो पट्टा ओढला आणि खटकन लावून टाकला.

आवाज थांबला.

रोटरडॅमचे दिवे दिसेपर्यंत मी समोरच पाहत होतो. मग सिग्नलला थांबलो, आणि डोळा तिकडे गेलाच. सीट रिकामी होती. काळा पट्टा तिच्यावरून तिरका गेलेला. पण तो सीटला टेकला नव्हता. मधे वीतभर पोकळी राखून ताणलेला होता. आणि अगदी सावकाश, न थांबता, तो वर होत होता... खाली होत होता... वर होत होता...