बर्फखान्यातलं बाक

तुमच्या स्मरणिकेसाठी संग्रहालयाचा इतिहास दोन पानांत लिहून दे म्हणालीस, तो लिहून ठेवलाय. टेबलावर आहे, जाताना घेऊन जा. त्यात सगळं छान छान आहे. इमारत आधी बर्फाचा कारखाना होती, तो बंद पडल्यावर वीस वर्षं कुत्रीसुद्धा तिकडे फिरकत नव्हती, मग नगरपालिकेनं ती घेऊन विज्ञान संग्रहालय काढलं, हे सगळं. पहिल्या मजल्यापर्यंत लोंबणारा लंबक, हात लावला की केस उभे करणारा गोळा, दालनाच्या दोन टोकांना ठेवलेल्या तबकड्या, ज्यात इकडे कुजबुजलं की तिकडे कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. शाळांच्या सहली कुठे जास्त रमतात, तेही लिहिलंय. आता जे सांगते ते मात्र छापायचं नाही. तू तिथेच नोकरीला लागलीस आणि मी तुझी सख्खी मावशी, म्हणून सांगते.

मी तिथे उपकरणं दुरुस्त करायचे, हे तुला माहीतच आहे. सत्तावीस वर्षं केलं ते काम. सोमवारी संग्रहालय बंद, म्हणून सगळी मोठी दुरुस्ती सोमवारी. त्या दिवशी आत फक्त दोन माणसं, मी आणि वॉचमन. वॉचमनला सगळे आबा म्हणायचे. नाकासमोर चालणारा माणूस. फाटकामागच्या दोन खोल्यांत बायको आणि मुलगी घेऊन राहायचे. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. नोकरी गेली तर खोल्या जाणार, खोल्या गेल्या तर पोरीचं शिक्षण अर्ध्यावर, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

आणि माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दूध उतू गेलं तरी मी आधी कोणी गॅस मोठा केला ते विचारणार. तुझी आई म्हणायची, हिच्या मनात पाल चुकचुकायला भिंत लागत नाही. खरंच होतं ते.

रौप्यमहोत्सवाच्या वर्षी संग्रहालयातल्या सगळ्यात जुन्या दुर्बिणीचं भिंग नाहीसं झालं. पितळी दुर्बीण, संग्रहालयात आलेली पहिली वस्तू. समारंभाला पंधरा दिवस राहिलेले आणि दुर्बिणीच्या तोंडाला नुसतं भोक. साहेबांनी सगळ्यांना बोलावून एवढंच सांगितलं की कुलूप कुठलंही तुटलेलं नाही, म्हणजे माणूस आतलाच आहे. बाहेर पडताना प्रत्येकजण दुसऱ्याच्या पिशवीकडे बघत होता. मी तर उघड उघड बघत होते.

पुढच्या सोमवारी मी उष्णता दालनात गेले. ही कारखान्यातली जुनी बर्फ साठवायची खोली. भिंती हातभर जाड, खिडकी एकही नाही, दार एकच. भरदुपारीसुद्धा आत दिवा लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसत नाही. तिथे तो थर्मल कॅमेरा होता, तुझ्या वेळी तो बदलला असेल. समोर उभं राहिलं की पडद्यावर आपण रंगांत दिसतो. गार ते निळं, कोमट ते हिरवं, गरम ते लाल. पोरं आपलं निळं नाक बघून हसत सुटायची. कॅमेऱ्यासमोर एक लाकडी बाक होतं, कारखान्याच्या काळातलं, लोकांना बसायला ठेवलेलं.

मी कॅमेऱ्याची वायर तपासून पडदा चालू केला. खोली सगळी निळी. बाकही निळं. फक्त बाकावर दोन ठिकाणी पिवळट लाल डाग होते, शेजारी शेजारी. माणूस बसून उठला की लाकडावर ऊब राहते ना, तसे.

आता मी काही लगेच घाबरणारी बाई नव्हे. मी घड्याळ काढलं. स्वतः दहा मिनिटं बाकाच्या टोकाला बसले, उठले, आणि माझा डाग किती वेळात निळा होतो ते मोजलं. चार मिनिटं. म्हणजे मी आत यायच्या आधी चार मिनिटांत तिथे दोघं बसून उठलेले होते. एक आबा, ते मला दारातच भेटले होते. मग दुसरा कोण? सोमवारी, कुलूपबंद इमारतीत? माझ्या मनानं तिथल्या तिथे आबांना आरोपी करून टाकलं. बाहेरचा कोणी माणूस हे आत घेतात, त्यालाच भिंग दिलं, असं.

पुढच्या सोमवारी मी डोळ्यात तेल घालून बसले. समोरच्या दालनात ती मोठी तबकडी आहे, तिच्याआड. अकराच्या सुमाराला आबा आले, एकटेच. उष्णता दालनात गेले, दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आतून बोलणं ऐकू येऊ लागलं. आवाज आबांचाच. पण ते मध्येच थांबायचे, कोणाचं ऐकून घेतल्यासारखे, आणि मग हळूच म्हणायचे, "हो… हो… तसंच असतं ते." दुसरा आवाज मात्र मला आला नाही. पंधरा मिनिटांनी आबा बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि फाटकाकडे गेले. मी धावत आत शिरले, दार आतून लावलं आणि पाठ दाराला टेकवून उभी राहिले. दुसरा माणूस आता जाणार कुठे?

खोलीत कोणी नव्हतं. बॅटरी घेऊन कानाकोपरा बघितला, बाकाखाली वाकून बघितलं. ओल्या भुशाचा वास येत होता, बर्फाच्या लाद्या ज्या भुशात ठेवत त्याचा. इतकी वर्षं तिथे काम केलं पण तो वास मी त्या दिवशी पहिल्यांदा घेतला. मग पडदा चालू केला. बाकावर दोन डाग होते.

मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. चार मिनिटांत डावा डाग विझला. तो आबांचा. उजवा होता तसाच राहिला. पाच मिनिटं झाली, आठ झाली, दहा झाली, तो लालच. मला कळायला वेळ लागला. ऊब मागे राहिली नव्हती. जे बसलं होतं ते अजून उठलंच नव्हतं.

मग डाग सरकला. आबांच्या रिकाम्या जागेवर आला, आणि तिथून बाकाच्या टोकाला, माझ्या बाजूच्या. बॅटरीच्या उजेडात बाक कोरडं, रिकामं दिसत होतं. दार मीच लावलं होतं, पण कडी काही केल्या हाताला सापडेना.

संध्याकाळी मी आबांना गाठलं. ते फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. मी सरळच विचारलं, सोमवारी आत कोणाजवळ बसता? त्यांनी आधी इकडे तिकडे बघितलं.

"बसतं कोणीतरी, बाई… कोण ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही कधी."

"आणि बोलता काय?"

"घरचंच. पोरीचं, दुखण्याखुपण्याचं. एकटं असतं, म्हणून घटकाभर बसतो. माझ्या जवळ बसलं की दुसरीकडे कुठे जात नाही." मग त्यांनी हात जोडले. "साहेबांना सांगू नका. खुळा समजून काढून टाकतील. पोरीचे आठ महिने राहिलेत फक्त."

मी बरं म्हणाले. रात्रभर मात्र तळमळत पडले. जे डोळ्यांनी पाहिलं ते खरं मानायचं तर मीच खुळी ठरणार होते. त्यापेक्षा आबा लबाड आहेत हे मानणं सोपं होतं. सकाळ होईपर्यंत मी स्वतःला पटवून टाकलं की कॅमेऱ्यात बिघाड आहे, म्हातारा मला भुताच्या गोष्टी सांगून गप्प बसवतोय, आणि चोर त्याच्या ओळखीचा आहे. दहा वाजता साहेबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, आबा दर सोमवारी कोणालातरी आत घेतात, मी स्वतः बोलणं ऐकलंय. यातला एक शब्दही खोटा नव्हता, बघ.

तिसऱ्या दिवशी आबांना काढलं. चौकशीबिकशी काही नाही. संध्याकाळी हातगाडीवर सामान लादून ते निघाले तेव्हा आम्ही सगळे जिन्यात उभे होतो. पोरगी पुस्तकांचं गाठोडं छातीशी धरून चालत होती. आबा माझ्याकडे बघून थांबले. मला वाटलं आता चारचौघांत शिव्या देणार. पण त्यांनी विचारलं, "बाई, आता त्याच्याजवळ कोण बसणार?" बाकीच्यांना काही कळलं नाही. मी मान फिरवली.

आठ दिवसांनी भिंग सापडलं. कुठे म्हणशील, तर माझ्याच कपाटात. भिंगांना बुरशी लागू नये म्हणून आम्ही ती ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवायचो. समारंभाच्या साफसफाईत ते मीच काढलं होतं, कापसात गुंडाळलं होतं, डब्यात ठेवून वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी लावली होती, आणि साफ विसरले होते. डबा हातात घेऊन मी साहेबांच्या दारापर्यंत गेले. आतून ते फोनवर कोणावर तरी ओरडत होते. मी परत फिरले. दुसऱ्या दिवशी भिंग जिन्याखालच्या पेटीमागे ठेवलं आणि तिथेच सापडलं म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, बघा, घाबरून टाकून गेला म्हातारा. मी मूग गिळून बसले. अगं, एक वाक्य बोलायचं होतं फक्त. आबांना परत बोलावलं असतं, मला फार तर बोलणी खावी लागली असती. नाही बोलले. आज बोलते, उद्या बोलते करत वर्षं गेली.

ते बाक साहेबांनी मोडीत काढलं. त्यानंतर कॅमेऱ्यात मला कधी काही दिसलं नाही. बरं झालं, सुटले, असं वाटलं.

पावसाळा संपता संपता एक दिवस कामावरून घरी आले. तुझे काका जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, घरात मी एकटी. कुलूप काढलं, आत आले, जेवायच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. खुर्ची गरम होती. उन्हानं म्हणावं तर पडदे ओढलेले. मी उठून दुसरीवर बसले. ती गार होती. त्या पहिल्या खुर्चीवर मी पुन्हा कधी बसले नाही. शेवटी सवय होते गं. तेव्हापासूनची ही सोळा वर्षं मी एकटी राहतेय असं तुम्ही सगळे समजता, मी काही बोलत नाही.

गेल्या महिन्यात आबांच्या मुलीचा फोन आला. शिक्षण तीन वर्षं अडलं, पण पुढे पूर्ण केलं तिनं, आता मोठ्या दवाखान्यात मुख्य परिचारिका आहे. आबा गेल्याचं सांगितलं. म्हणाली, शेवटी शेवटी तुमची फार आठवण काढायचे, बाईंना त्रास होत असेल म्हणायचे. मी फोन ठेवला आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आधाराला म्हणून टेबलापाशी गेले, हाताला लागली त्या खुर्चीची पाठ धरली. तीही गरम होती. आता दोन.

कोण आलंय ते मला सांगावं लागलं नाही. मी त्या दुसऱ्या खुर्चीसमोर बसले, म्हटलं आता तरी बोलायचं. आबा, भिंग मी घेतलं नव्हतं पण माझ्याकडेच होतं, मला कळलं होतं, मी गप्प बसले. एवढंच म्हणायचं होतं. पण "आबा, भिंग…" म्हटलं आणि पुढचे शब्द निघेनात. हात ठेवून बघितला तर खुर्ची गार. उठून गेलेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच चाललंय. ते येतात, मी सुरुवात करते, भिंगापाशी आले की ते उठतात. मला माफ करायला येतात की मी कुठवर हिंमत करते ते बघायला, काही समजत नाही. दुसरं जे आहे ते मात्र हलत नाही. सगळं ऐकून घेतं.

काल मी ठरवून बसले की आज शेवटपर्यंत बोलायचं. पुन्हा भिंगाशी अडले, आबांच्या खुर्चीवर हात ठेवला, गार झाली होती. डोळ्यांना पदर लावून बसले होते. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, अगदी हळू, अगदी आबांचाच. "हो… हो… तसंच असतं ते. बोला, बाई… मग भिंग कुठे ठेवलंत?"

हात अजून आबांच्या खुर्चीवरच होता माझा. ती गारच होती.