निष्कंप स्वर

ग्लासगोच्या ध्वनिसंशोधनशाळेत काचेपलीकडे आयल्सा मॅक्रे गात होती आणि अलीकडे डॉ. मृणालिनी आगाशे यांच्यासमोरील संगणकाच्या पटलावर पुनःपुन्हा एकच तांबडा शब्द उमटत होता : ‘कृत्रिम’.

बावीस वर्षे आयल्साने स्वतः गीते रचून ती इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या साथीने गायिली होती. सिंथेसायझरच्या अचल सुराशी गळा जुळवता जुळवता तिचा कंठच निष्कंप झाला. यंत्र कोठे संपते आणि गायिका कोठे सुरू होते, असे रसिक कौतुकाने विचारीत. तो तिला आपला सन्मान वाटे.

ती बाहेर आली. “रडून पाहू का?”

“काल रडलात,” आगाशे म्हणाल्या. “तेव्हा तर सूर अधिकच स्थिर झाला. भावना दाटली की तुमचा गळा आवरतो. साधनाच तशी आहे.”

“मग माझ्या आईने काय करावे?”

आगाशेंनी पटल तिच्याकडे वळवले. “मानवी कंठात अनियमित सूक्ष्मकंप असतो. नकली आवाज ओळखायचे ते त्याच्या अभावावरून. कायद्याने गेल्या महिन्यात बहिऱ्यांच्या कानांत बसवलेल्या प्रत्येक श्रवणरोपात हा स्वरपरीक्षक दूरसंदेशाने बसवला. ज्या स्वरात कंप नाही, तो गाण्यातला असो वा बोलण्यातला, आईंच्या मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. परीक्षक काढण्याच्या आपल्या अर्जावर निर्णय तीन आठवड्यांनी आहे.”

“डॉक्टरांनी तिला तीन दिवस दिले आहेत.”

लुईस बेटावर राहणाऱ्या तिच्या वृद्ध आईची दृष्टी केव्हाच गेली होती. कानांतील श्रवणरोप एवढाच जगाशी उरलेला धागा. लेक उशाशी बसली आहे, असे परिचारिकेने मागच्या भेटीत परोपरीने सांगितले होते. “आली असती तर बोलली नसती का?” एवढेच ती म्हणे.

“एक मार्ग आहे,” आगाशे संकोचाने म्हणाल्या. “तुमच्या आवाजाची स्वरप्रतिकृती करू. तीत इतरांच्या कंठातून घेतलेला कंप मिसळू. परीक्षक ती सोडील. नकली आवाज करणारे हल्ली तेच करतात. अडकता त्या फक्त तुम्ही.”

आयल्सा हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही. “माझ्या तोंडून खोटे बोलवायचे, तेही आईशी.”

“शब्द तुमचेच असतील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी लुईसला आयल्सा आईचा हात हाती घेऊन बसली. तिने लहानपणी आईकडून शिकलेल्या स्तोत्राची पहिली ओळ निवडली होती. त्यांच्या घरी एकाने ओळ सांगायची आणि इतरांनी ती घोळवीत उचलायची, अशी रीत होती. सोबत आलेल्या आगाशेंनी ध्वनियंत्र सुरू केले. पटलावर हिरवा शब्द उमटला : ‘मानवी’.

वृद्धेने मान वळवली. ओठ विलग झाले. ती आता ओळ उचलणार, म्हणून आयल्सा सरसावून बसली.

“गोड गळा आहे गं तुझा,” वृद्धा म्हणाली. “तिच्यासारखा काढला आहेस, पण ती अशी कापत नाही. बापाला पुरले त्या दिवशी थडग्यापाशी हीच ओळ तिने सांगितली, आणि सूर केसभरही हलला नाही. सारे गाव रडत होते. त्या सरळ सुरावर मी उभी राहिले. तो मला कुठेही ओळखू येईल.”

आयल्सा ओणवी झाली आणि अगदी कानाशी तीच ओळ स्वतः गाऊ लागली. तिने इतके शुद्ध आजवर कधी गायिले नव्हते. पटल तांबडे झाले. आगाशेंनी मान खाली घातली.

वृद्धा बराच वेळ कान देऊन राहिली. शेवटी हातातला हात तिने चाचपला आणि त्यावर हलकेच थोपटले.

“माझ्या लेकीला निरोप दे, पोरी. म्हणावे, आई अजून ऐकते आहे.” मग तिने तो हात घट्ट धरला. “आणि तू घाबरू नकोस. किती थरथरतोय तुझा हात.”