न परतलेले डबे

रुग्णवाहिका केंद्राचा फोन आज पुन्हा मध्येच तुटला. नवऱ्याच्या छातीत कळ आली म्हणून शहरातल्या झिदेनित्से भागातली एक बाई ओरडत होती. ती पत्ता सांगणार, तोच आवाज बंद. गाडी उशिरा पोचली. माणूस अजून शुद्धीवर नाही.

रदानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केंद्राचे फोन ज्या यंत्रातून जात, ते ती जिथे काम करायची त्याच कंपनीचं होतं. कंपनीचं ऑफिस केंद्राच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, आणि तिथले फोनही त्याच यंत्रातून जात.

मिकेशसाहेबांनी गुन्हेगार आधीच ठरवला होता. यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला, म्हणजे ड्रायव्हरमधला, मेमरीचा भाग लिहिणारा वोयमिर.

"तुझ्या कोडला गळती आहे, घेतलेली मेमरी परतच येत नाही. जेवणाआधी राजीनामा हवा," मिकेश म्हणाले. "आणि असं तोंड पाडू नकोस. व्हिएन्नावाले तुला नोकरीवर घ्यायला बसलेच आहेत की!"

वोयमिर पांढराफटक पडला.

"जेवणापर्यंत मला बघू द्या," रदाना म्हणाली.

"बघ. चिखल उपसायची हौसच तुला."

ड्रायव्हरचं काम साधं होतं. तो मेमरीचे मोजके डबे आधीच तयार ठेवतो. पॅकेट, म्हणजे बोलण्याचा एक तुकडा, आलं की डब्यात घ्यायचं, पुढे पोचवायचं, रिकामा डबा फळीवर परत. ऐनवेळी नवा डबा घडवत बसलं तर वेग मेला. इथे डबे परतत नव्हते. फळी रिकामी झाली की पुढचं पॅकेट सांडायचं, आणि त्यात कुणाचा तरी आवाज असायचा.

"डबा परत करायला कुठे विसरलास का?" तिने वोयमिरला विचारलं.

"नाही ताई. पुन्हा पुन्हा तपासलंय."

"व्हिएन्नाचं कुणाला बोललास?"

"फक्त बायकोला. इथल्याच फोनवरून. का?"

ती अडकलेले डबे एकेक उघडून आत काय आहे ते पाहू लागली. पाहता पाहता तिचे ओठ घट्ट मिटत गेले.

जेवणाआधी ती वोयमिरला घेऊन मिकेशच्या खोलीत शिरली. सपाता घातलेले पाय टेबलाखाली पसरून साहेब रोहलिकचा लांबट पाव खात होते.

"सापडली गळती?"

"गळती नाहीच. अडकलेल्या प्रत्येक डब्यात आपल्या ऑफिसच्या फोनवरचं बोलणं आहे. रुग्णवाहिका केंद्राचं एकही नाही. गळती असती तर कुणाचंही पॅकेट अडकलं असतं. गळतीला पॅकेटवरचा पत्ता वाचता येत नाही, साहेब. हे कुणीतरी निवडून धरलंय."

"असेल बाहेरचा कुणी चोर."

"बाहेरच्याने नक्कल करून डबा सोडून दिला असता. कधीच सापडला नसता! पण नक्कल म्हणजे वेळेची नासाडी, असं या मजल्यावर प्रत्येक नवख्याच्या अंगावर ओरडतं कोण? चोरी करतानासुद्धा तुम्हाला नक्कल करवली नाही. ऐकून होईपर्यंत मूळ डबेच दाबून बसलात."

"हे तर इथला कुणीही करेल!"

"करेल. पण वोयमिर व्हिएन्नाचं फक्त बायकोशी बोलला होता, इथल्या फोनवर. तुम्हाला कुठून कळलं?"

मिकेशनी हातातला रोहलिक खाली ठेवला.

"दुसऱ्या कंपन्या माझी चांगली माणसं एकेक करून पळवतात," ते पुटपुटले. "मला कळायला नको?"

"म्हणून त्या बाईचा पत्ता गिळलात?" रदाना कडाडली. "आणि खापर या पोराच्या डोक्यावर? लाज नाही वाटली? बंद करा ते, आत्ता!"

त्यांनी आपला प्रोग्रॅम बंद केला. डबे भराभर फळीवर परतले.

"मी खाली केंद्रात सांगते, पोलिसांना तेच बोलावतील. त्याआधी त्या बाईला सांगा. तुमच्या तोंडाने."

मिकेश हलले नाहीत. वोयमिरने केंद्राकडून नंबर घेतला, फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला.

त्या बाईचा आवाज अगदी स्वच्छ आला. "हॅलो? हॉस्पिटलमधून बोलताय का? तो कसा आहे?"