वजनाच्या रकान्यात अस्वल

"तुमच्या जाळीत माणूस सापडते काय?"

प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. साक्षी आणि रश्मी या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती. सत्तेचाळीस नंबरच्या स्टॉलवरचा तो मुलगा सकाळपासून एकदाही हसला नाही, त्याला हे विचारून दाखव. दाखवलंस तर तीन दिवस तुझा स्टॉल आम्ही झाडू.

गेल्या वर्षीची मी असते तर पाणी प्यायच्या निमित्ताने पळाले असते. पण यंदा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला, मग जिल्ह्यात आला, आणि आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या निवडक शाळांच्या प्रदर्शनात मी, माजरीची रंजीता खोब्रागडे, अकरावी सायन्स, बिल्ला लावून मिरवत होते. इथून एकच प्रयोग राज्याला जाणार होता. तो माझाच, याबद्दल मला तरी शंका नव्हती.

त्या मुलाने मान वर केली. त्याच्या टेबलावर मोहाची वाळकी फांदी उभी होती, आणि तिच्याखाली हिरवी जाळी ताणलेली.

"वजन किती?" त्याने विचारलं.

"काय?"

"तुमचं. ही जाळी बारा किलोपर्यंत धरते. त्याच्यावर टेस्ट नाई केली आम्ही."

मागे साक्षी फिसकन हसली. मी मान ताठ ठेवून म्हटलं, "शेहेचाळीस."

"मग फाटन." त्याने वहीत मान घातली आणि लिहू लागला. जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण… करून पाहता येते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, पेनाचं टोपण त्याने काढलंच नव्हतं.

तो लोकेश नरोटे. धानोऱ्याच्या आश्रमशाळेतला, माझ्यासारखाच अकरावीत. मी दुपारी परत गेले, यावेळी पैजेशिवाय, तेव्हा त्याने प्रयोग समजावून सांगितला. त्यांच्याकडे मार्चमध्ये मोहाची फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात. जमीन साफ झाली की फुलं भराभर वेचता येतात. पण कधी कधी जाळ पसरतो, जंगलात शिरतो, आणि मोहाची नवी रोपं तर दरवर्षीच जळतात.

"मी आज्याले म्हटलं, जाळी बांधून पाहू. आजा म्हणे, बारा झाडं आहेत. सहा तुझी, सहा माझी. तू बांध, मी जाळतो. मग मोजू."

"कोण जिंकलं?"

"फुलं सारखीच. पण माझ्या झाडांखाली एकतीस रोपं निघाली, आज्याच्या झाडांखाली दोन." तो पहिल्यांदा हसला. एका बाजूने, जरासं, जणू हसण्यालाही वजनाची मर्यादा असावी. "आजा आता म्हणते, कल्पना माझीच होती."

मी त्याची वही चाळली. तारीख, हवा, झाड, वजन. दोन एप्रिलला, चौथ्या झाडासमोर, वजनाच्या रकान्यात एकच शब्द होता. 'अस्वल'.

"हे काय?"

"अस्वल आलं होतं. जाळीतली फुलं खाऊन गेलं."

"मग आकडा?"

"आकडा अस्वलाच्या पोटात. मी काय लिहू?"

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. तो मात्र गंभीर. परीक्षकही हसले होते म्हणे. आणि कुठेतरी, हसता हसताच, मला माझी काठोकाठ भरलेली वही आठवली. तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या स्टॉलवर आला. केसांना तेल लावून, भांग पाडून. रश्मीने मला कोपर मारलं, मग झाडू घेऊन उगाच दोनदा तीच जागा झाडली.

माझा प्रयोग सोपा. आमच्या घरामागे पत्र्याची खोली आहे, शेजारच्या वच्छलाबाईंचीही तशीच. आमच्या पत्र्यावर मी चुना फासला, त्यांचा तसाच ठेवला. एप्रिलचे एकवीस दिवस, रोज दुपारी दोन वाजता, दोन्ही खोल्यांत थर्मामीटर. सरासरी चार पूर्णांक सहा अंशांचा फरक.

"आणि चुना लावल्यापासून वच्छलाबाई दुपारी आमच्याच खोलीत झोपून राह्यल्या," मी म्हटलं. "आई वैतागली, पण माझ्यासाठी तो पुरावाच ना."

"हे लिहिलं काय वहीत?"

"असं कुठी लिहितात काय?"

"मी लिहिलं असतं." त्याने माझी वही उघडली. बोट तारखांवरून हळूहळू खाली सरकत गेलं, आणि एका ओळीवर थांबलं. "एकोणीस एप्रिल. चुना नसलेली खोली, साडेचव्वेचाळीस?"

"हो."

"त्या दिवशी आमच्याकडे गारा पडल्या. दुपारीच. मोहाचं एक फूल नाई भेटलं. तुमच्याकडे नाई आलं वादळ?"

आलं होतं. मला चांगलं आठवत होतं, कारण मी माजरीत नव्हतेच. मी गडचांदूरला चुलतबहिणीच्या लग्नात होते. त्या वादळात आमचा मांडव शेजारच्या कौलांवर जाऊन पडला होता आणि आम्ही सगळ्या बहिणी जिलेबीचं ताट डोक्यावर धरून शाळेच्या वरांड्यात पळालो होतो. चार दिवस मी वहीला हात लावला नव्हता. परत आल्यावर एका दुपारी बसून चारही दिवस भरून टाकले. प्रॅक्टिकलच्या वहीत आम्ही सगळे हेच तर करतो. उत्तर आधी ठाऊक असतं, रीडिंग मागून येतं. कोणीच त्याला खोटं म्हणत नाही, 'वही पूर्ण करणे' म्हणतात.

लोकेशने माझ्याकडे पाहिलं. वही बंद केली, कडा सरळ करून टेबलावर ठेवली.

"तू सांगशील कोणाले?" मी विचारलं.

"मी काऊन सांगू? वही तुझी आहे."

"तुले काय वाटते माझ्याबद्दल आता?"

बाहेर कुठल्यातरी शाळेची पोरं ओळीत 'एक दोन, एक दोन' करत चालली होती.

"तू मघाशी वच्छलाबाईंचं सांगितलं ना," तो म्हणाला, "ते खरं होतं. ते सांगताना तू… चांगली वाटत होती. लय."

एवढं बोलून तो गेला. मी त्या दिवशी सत्तेचाळीस नंबरकडे फिरकले नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत साक्षीने डबा पुढे केला, तर तोही नको म्हटला. आमच्या शाळेत आधी प्रदर्शन म्हणजे बाजारातून आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी असायचा. मग विज्ञानाला रोशन सर आले आणि म्हणाले, विकतचा डोंगर बंद, आपल्या गावातला प्रश्न आणा. चार वर्षं ते मुलांना घेऊन येत होते, चार वर्षं रिकाम्या हाताने परत जात होते. यंदा त्यांनी नवा शर्ट शिवला होता. आई-बाबा उद्या बक्षीस पाहायला येणार होते, बाबांनी खाणीतून सुट्टी घेतली होती. आणि मी अजून काय हरणार होते? तेही मला कळत होतं. गप्प बसून राज्याला गेले असते, आणि जाऊन आल्यावर लोकेशला सांगितलं असतं, 'मी जिंकले' — तर तो 'हो' म्हणाला असता आणि वहीत मान घातली असती. टोपण काढून.

सकाळी मी सरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मले तेव्हाच सांगायचं होतं, बाई." मग चष्मा काढून उगाच पुसत राहिले. मला वाटलं, आता रागावतील. रागावलेच. म्हणाले, "चार दिवसांसाठी सतरा दिवसांची माती केली." पण परत चष्मा लावून घड्याळाकडे पाहिलं. "परीक्षक साठच्या रांगेत आहेत. तुझ्यापाशी अर्धा तास आहे. सरासरी पुन्हा काढ."

मी लाल पेनाने चार ओळींवर रेघ मारली. समोर लिहिलं, 'या दिवशी मी लग्नात होते.' बेरीज दोनदा चुकली. तिसऱ्यांदा कोणीतरी शेजारी स्टूल ओढून बसलं.

"एकाहत्तर पूर्णांक चार भागिले सतरा," लोकेश म्हणाला. "तू भाग, मी पडताळतो."

"तुझ्या स्टॉलवर कोण आहे?"

"साक्षी. ती सर्वांले सांगून राह्यली की जाळीत माणूस सापडते."

चार पूर्णांक दोन आलं. म्हणजे खोट्या दिवसांत मी सहा-सहा अंशांची उधळण केली होती. आमची डोकी वहीवर इतकी जवळ होती की त्याच्या तेलाचा वास येत होता. टोळीचं तेल, तो म्हणाला, मोहाच्या बियांचं, आजीने दिलेलं. मी म्हटलं, वास कसातरीच आहे. तो म्हणाला, सवय होते. मग आम्ही दोघंही वहीकडेच पाहत राहिलो, जिथे पाहण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

परीक्षक सत्यशीला मॅडम, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या. मी सगळं सांगितलं, मांडव उडाल्यासकट. त्या हसल्या नाहीत.

"हे काल कोणी पकडलं?"

"पकडलं नाही मॅडम. विचारलं."

त्यांनी माझ्या तक्त्यावर काहीतरी खरडलं आणि पुढे गेल्या. मी जवळ जाऊन वाचलं. 'फरक खरा वाटतो. पूर्ण एकवीस दिवस पुन्हा करा.'

राज्याला ब्रह्मपुरीकडच्या दोन मुली गेल्या, धानाच्या खोडकिड्यावरच्या प्रयोगासाठी. लोकेश दुसरा आला. माझं नाव कुठेच नव्हतं. बाबांनी तरी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांसाठी, शेवटपर्यंत.

गाड्या निघायच्या वेळी लोकेश मैदानाच्या फाटकाशी उभा होता. हातात वही.

"एक दाखवायचं होतं… नाई म्हणजे, पाहायचं असेल तर."

शेवटचं पान. प्रदर्शनाचे तीन दिवस, तारखेसह. हवा : थंड, कोरडी. आणि पुढच्या रकान्यात उभ्या रेघा.

"हे काय मोजलं?"

"तू किती वेळा आली ते." तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता. "पहिल्या दिवशी पाच."

"पाच? दोनदाच आली मी."

"समोरून तीनदा गेली. ते पण धरलं."

मी मुद्दाम जात होते, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसासमोर रकाना कोराच होता.

"इथे शून्य काऊन नाई?"

"शून्य लिहायचं होतं…" तो थांबला. "हात नाई धजला."

मी त्याच्या खिशातलं पेन घेतलं. टोपण काढलं. आजच्या तारखेसमोर एक रेघ ओढली, आणि शेजारी लिहिलं, 'ती मुद्दाम येत होती. पाचही वेळा.' त्याने वाचलं. यावेळी हसू दोन्ही बाजूंनी आलं.

"आमच्या घरावर मातीचे कवेलू आहेत," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये तू पत्र्याखाली माप, मी कवेलूखाली मापतो. दोन वाजता. मी फोन करतो, तू सांग."

"रोज?"

"एकवीस दिवस तर करावंच लागन." मग अगदी हळू, "त्याच्या पुढचं… नंतर पाहू. बारावी होऊ दे."

त्यांची गाडी गेली.

बस स्टँडवर बाबांनी तीन प्लेट आलूबोंडे घेतले, वर लालभडक रस्सा. आई म्हणाली, "मन नको लावून घेऊ. आता अभ्यास कर. अन् एप्रिलात काकाच्या पियुषच्या लग्नात तू करवली आहे, तुझ्या लुगड्याचं पाहायचं आहे."

मी प्लेट बाकावर ठेवली.

"आई, बाबा, मले एक सांगायचं आहे. मधात बोलू नका. एक एप्रिलपासून एकवीस दिवस मी माजरी सोडून कुठीच जाणार नाई. पियुषदादाच्या लग्नाले पण नाई. करवली दुसरी पाहा."

"लोक काय म्हणतीन?" आई म्हणाली.

"मधात नको ना बोलू. अन् रोज दोन वाजता मले धानोऱ्यावरून एक फोन येईन. लोकेश नरोटे. दुसरा नंबर आला तो."

बाबांनी बोटांवरचा रस्सा पुसत माझ्याकडे पाहिलं. "रीडिंगसाठी?"

'हो' म्हटलं असतं तर रकाना भरला असता.

"रीडिंगसाठी," मी म्हटलं. "अन् तो मले आवडते, म्हणूनही. बारावी होईपर्यंत फक्त फोन, हे आम्ही दोघांनी ठरवलं. तुमच्यापासून लपवायचं नाई, हे मी एकटीने ठरवलं."