बोटभर तांबडी वायर

चिराग, तो मोबाइल खाली ठेव. आणि मेघाली, तू दार लोटून घे. हे प्रितम केणेच्या बाबतीत घडलं, आपल्या इमारतीच्या पंपाचं काम करतो तोच. तारीख मी त्याला दोनदा विचारून घेतली, कारण माझ्या आठवणीवर आता माझाच भरवसा नाही. दोन हजार पंचवीस, चोवीस जुलै, गुरुवार. दीप अमावास्या.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत हॉस्पिटलच्या चादरी धुणारी एक लाँड्री आहे. तिथल्या गरम पाण्याच्या बॉयलरला बाहेरून कंट्रोलची पेटी जोडायची होती, म्हणजे तो मोबाइलवरून चालू-बंद करता येईल. वीस वर्षं बॉयलर सांभाळणारा काळुराम एप्रिलात वारला, आणि त्याच्या जागी माणूस न घेता मालकाने ही पेटी घेतली. सकाळी आठला मालक ती बघायला येणार. चालली नाही, तर काम दुसऱ्याला.

काम साधं. दोन वायरी. प्रितमने त्या पाचच्या सुमाराला जोडल्या आणि 'चालू' दाबलं. पेटीवर हिरवा दिवा लागला, बॉयलर ढिम्म. त्याने वायरी अदलाबदल केल्या, स्क्रू पुन्हा आवळले, पेटी बंद करून चालू केली. ढिम्म. कंपनीच्या मदत नंबरवर अर्धा तास एकच धून वाजत राहिली.

आठ वाजता वरच्या ऑफिसातून संचितामॅडमचा फोन.

"अरे, दोन वायरी जोडायला तीन तास? गटारी करून आलायस की काय?"

"कसली गटारी, मॅडम! दुपारपासून चहा नाय घेतला. पाण्याचा सेन्सर गेलाय बहुतेक."

"मग कर काहीतरी. मी निघते. खाली कोणी नाहीये हं, वॉचमन गेटवर आहे."

पाणी कमी असलं तर हा सेन्सर बॉयलर पेटू देत नाही. प्रितमने बाजूच्या काचेच्या नळीकडे नजर टाकली. पाण्याची रेघ कुठेच दिसेना, म्हणजे नळी वरपर्यंत भरलेली. सेन्सरच खोटा! वैतागून त्याने बोटभर तांबडी वायर कापली आणि सेन्सरची दोन टोकं परस्पर जोडून टाकली, म्हणजे सेन्सर असून नसल्यासारखा. तपासण्यापुरती. सगळेच करतात. मागे एकदा इथेच त्याने असं केलं होतं, तेव्हा काळुरामने 'चक्' करून वायर उपटली होती, तीन पीळ देऊन समोरच्या खिळ्याला टांगली होती.

'चालू' दाबलं. काही नाही.

वायर जागेवर नव्हती. खिळ्याला लटकत होती. तीन पीळ.

"कोण हाय रे?" त्याने टॉर्च कोपऱ्याकोपऱ्यात फिरवला.

"ए, मस्करी नको हां. डोकं फिरलंय माझं आधीच."

त्याने वायर पुन्हा लावली. वरून काळी टेप, चार वेढे. टॉर्च टेपवर रोखून समोर उभा राहिला. आठ चाळीस. अंगठा मोबाइलवर टेकवला...

मागे कोणीतरी जीभ टाळूला लावली.

चक्.

तो वळला नाही. वळवेना. टेप तशीच होती. चार वेढे. आत वायर नव्हती.

उजेड नळीवर गेला. काचेवर, वीतभर उंचीवर, चुन्याचं आडवं बोट ओढलेलं. ओलं. काळुराम रोज ओढायचा तसंच, पाणी कुठवर हवं ते दाखवायला. त्याचं बोलणं प्रितमला आठवलं. "भरलेली नळी नि रिकामी नळी सारखीच दिसते, पोरा. खालची तोटी सोडून बघत जा."

त्याने तोटी सोडली.

थेंब नाही.

बॉयलर कोरडा ठणठणीत होता. दुपारीच कोणीतरी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून गेलं होतं. पेटला असता तर फुटलाच असता... आणि प्रितम हातभर अंतरावर उभा.

त्याने व्हॉल्व्ह उघडला. पाणी चुन्याच्या रेघेपर्यंत चढलं. 'चालू' दाबताच बॉयलर पेटला. सेन्सर चांगलाच होता.

तांबडी वायर मात्र सापडली नाही. खिळ्यावर नाही, जमिनीवर नाही. त्याने शोधलीही फारशी नाही.

साडेदहाला मोहने गावी पोचून त्याने घराची किल्ली खिशातून काढली. किल्लीच्या कडीत ती वायर ओवलेली होती. तीन पीळ. टोकाला चुना.

अजून ओला...